मीटररूमचं दार

सुरक्षा कोणालाच नको असते हो, सगळ्यांना फक्त रिपोर्ट हवा असतो. मांजरी भागातल्या त्या सोसायटीचंच घ्या. तिथल्या स्मार्ट मीटरना कोणी बाहेरून वायरलेसवर भलतेसलते हुकूम देऊ नयेत, म्हणून महिनोन्महिने भांडून मी प्रत्येक मीटरला वेगळा पासवर्ड दिला. चाचणीत सगळी रीडिंग आली तर हे टिकणार, नाहीतर पुन्हा सगळ्यांना मिळून जुना एकच पासवर्ड.

त्या दिवशी पार्किंगमध्ये लॅपटॉप उघडून बसलो, तर एकही रीडिंग येईना. सोबत आलेले माझे साहेब म्हणाले, "बघ, तुझ्या पासवर्डांनी सगळं अडवलं."

तेवढ्यात सोसायटीचे सेक्रेटरी, देशमुखकाका, आले. मीटररूमचं कुलूप काढून त्यांनी आतली आपली सायकल बाहेर घेतली. लोखंडी दार उघडलं आणि रीडिंग धडाधड यायला लागली. दार लावलं की पुन्हा बंद.

"सर, दार सिग्नल अडवतंय. बाहेर अँटेना लावू, आठवडाभराचं काम आहे."

"रिपोर्ट आज द्यायचाय. दार उघडं ठेव."

"अहो सर, मग कोणीही आत जाऊन मीटरना हात लावेल!"

"रीडिंग येतंय ना?"

भांडायचं त्राणच उरलं नव्हतं. मी दाराला वीट लावली.

काका भाजी घेऊन परतले. त्यांनी आधी वीट पाहिली, मग मला.

"हे आता असंच उघडं राहणार?"

"हो, काका."

"बरं. मग सायकल मी वर घरात ठेवत जाईन. इथे काही सुरक्षित नाही."