साठ वर्षं जपलेला आकडा

बंद पडलेली इस्त्री घेऊन दुरुस्तीच्या दुकानात उभी असलेली नर्स रांगेत पुढे असलेल्या म्हाताऱ्या भावाबहिणीचं बोलणं ऐकत होती.

“काका, खेळण्यातलं हे चावीचं इंजिन जुनं आहे. डबे जोडायच्या तुटक्या आकड्याला सोल्डरचा गरम डाग दिला, तर सगळंच वितळेल,” कारागीर म्हणाला. “तुटलेला तुकडा असता, तर पिन घालून जोडला असता.”

“तो साठ वर्षांपूर्वीच हरवला हो,” भाऊ म्हणाला.

“हरवला कुठला! हा घ्या,” बहिणीने पर्समधून डबी काढून आतला तुकडा पुढे केला.

“ताई! अगं, त्यापायी मी बाबांचा मार खाल्ला!”

“मग एकदा तरी मला चावी देऊ दिलीस का रे?”

“आधी त्यांचं इंजिन जोडा,” नर्सला राहवेना. “माझी इस्त्री कुठे पळून चाललीय!”

“जोडतो, आणि चावी देऊन बघतो.”

“चावीला हात लावाल तर खबरदार!” भाऊ ओरडला. “पहिली चावी ताई देईल.”