लहानच बरं

नाव पार्बताबाई लिवा, आडनाव नका लिवू. आडनावात माहा पोरगा हाय, सून हाय, त्याईले कायले ओढता. माहं माहेर केळापूरच्या अंगाचं, जंगलाले लागून, अन् सासर हे मारेगावकडचं, कापसाचं. वय काही मले माहीत नाई बाई, पन दात गेले, एक डोया गेला, तवा समजून घ्या. हे सारं आता कायले सांगता म्हनान तं कोनीतरी सांगाव लागते. माह्या सुनेनं या गोष्टीचा आजवर एक शब्द तोंडातून नाई काढला. ते बोलली असती, चार शिव्या देल्ल्या असत्या, तं मी गप बसली असती.

आमी मजुरीवाले. बायाईची टोळी घेऊन मी वेचनीले जाओ, वीस बाया माह्या हाताखाली. कमरीले ओटी बांधायची, कापूस वेचून तिच्यात टाकत जायचा, सांजेले काट्यावर वजन. पन मले काटा नाई लागे. मी गाठोडं उचललं का सांगो, हे बारा किलो, हे साडेनऊ, तू आत गोटा टाकला वं, काढ भायेर. काट्यावर तेवढंच भरे. मालक म्हने पार्बताचा हात म्हंजे काटाच. मले लय गुमान होतं त्या हाताचं. तोंडही माहं तसंच होतं, टोळीतल्या बाया माह्यापुढे चळचळ कापत. सून आली ते रंजू, माह्या गजाननची बायको, ते तं डोयेच वर करत नव्हती.

काय सांगू तुमाले, ते सालंच खराब होते. कापसाले भाव नाई, एक वेचनी झाली का लाल्या रोगानं शेत लाल पडे, आज या गावात तेरवी तं उद्या त्या गावात, औषध पेऊन मानसं जाऊन राह्यलते. मी टोळीच्या बायाईले म्हनो, मरनाऱ्याच्या घरचं रडनं ऐकत बसली तं तुह्या घरची चूल कोन पेटवन, चाल. असं कडक मन होतं माहं. त्याच सालात रंजूले दिवस गेले.

आता मधातच एक सांगतो, ते सांगतल्याशिवाय पुढचं नाई समजनार. माहं पहिलं लेकरू. पहिलटकरीन म्हनून मले माहेरी नेलं होतं, अन् मायनं मले खाऊ घातलं, लोनी काय, तिळाचे लाडू काय, मी नुसती खाओ अन् झोपो. तीन दिवस कळा देल्ल्या मी. तीन दिवस बाई. लेकरू अडलं. असं मोठं, गोरंपान, डोक्यावर जावळ, अन् मेलेलं. सुईन हात धुवत माह्या मायले म्हने, लय चारलं वं तुनं पोरीले, लेकरू पोसलं अन् वाट नाई मिळाली त्याले. हे वाक्य मी पोटात ठेवलं. गजाननच्या वेळेस मी अर्धी भाकर खाओ, अन् तो सुखानं झाला, लहानसा. तवापासून मी साऱ्या गावाले सांगो, पोटात लहानच बरं, भायेर आल्यावर वाढवू.

तं रंजूले मी माहेरी जाऊच देल्लं नाई. तिची माय येऊन गेली दोनदा, गाठोड्यात लाडू घेऊन. मी म्हनलं लाडू ठेवा इथी, पोरगी नाई येत. लाडू मी टोळीत वाटले. रंजूले सकाळी अर्धी भाकर, सांजेले अर्धी भाकर, वरून पाण्यासारखं वरन. अन् वेचनीले सोबत, कामानं पोट मोकळं राह्यते म्हनून. पोटाच्या वर ओटी बांधून ते वेचे. एक दिवस शेताच्या धुऱ्यावरच्या बोरीखाली बसून बोरं खाऊन राह्यलती, हावऱ्यासारखी, बिया सगट. मी तिच्या हातावर झापड मारली. बोरं मातीत सांडले. वीस बायाईसमोर.

नर्सबाई येत अंगनवाडीत. त्याईनं फीत लावून पोट मोजलं अन् मले बोलावलं. म्हने, आजी, सातवा लागला अन् पोट पाचव्याचं दिसते, लेकरू वाढून नाई राह्यलं, हिले दवाखान्यात दाखवा, पोटभर खाऊ घाला, काम बंद करा. मी म्हनलं बाई, तुमी काल आल्या, मी किती बाळंतपनं पाह्यले, वजन तुमी मले शिकवता? साऱ्या बाया हासल्या. नर्सबाईनं रक्त वाढाच्या लाल गोया देल्ल्या, खाऊन ताकद याव म्हनून सुकडीचं पाकीट देल्लं. गोयानं लेकरू काळं होते म्हनून उकिरड्यावर फेकल्या. सुकडी बकरीले घातली. बकरीले दोन पिलं झाले, असे जाडजूड का मानसं पाह्याले येत.

हासू नका. मी पन तवा हासलीच होती.

नर्सबाई दोनदा अजून आल्या. एकदा घरापर्यंत आल्या, मी दारातूनच वापस लावलं. मंग एक दिवस शेतातच रंजू माह्याजवळ आली. आपनहून ते कधी बोले नाई. म्हने, आत्याबाई, ते आता कमी हलते. मी म्हनलं, लहान हाय, झोपत असंन. ते म्हने, कालपासून लय कमी. मी म्हनलं, दोन ओळी राह्यल्या, त्या पुऱ्या कर. तिनं पुऱ्या केल्या. हे मी कोनाले सांगतलं नाई, पोरालेही नाई. तिनंही नाई सांगतलं.

संक्रांतीच्या आगोदर, आठव्यातच, कळा सुरू झाल्या. दवाखान्यात नेलं अन् घंट्याभरात मोकळी झाली, एक हाक नाई मारली तिनं. मी भायेर बायाईले म्हनून राह्यलती, पाह्यलं, सुखानं सुटली का नाई, मी म्हनत नव्हती? तेवढ्यात नर्स फडक्यात गुंडाळून पोरगी घेऊन आली. मी दोनी हात पुढे केले, जोर लावून, लेकरू घ्याचं म्हनून. अन् माहे हात वर गेले.

तुमाले समजलं का? वजनच नव्हतं. भरलेलं गाठोडं म्हनून उचलावं अन् ते रिकामं निंघावं, तसे हात वर गेले. सव्वा किलो, माह्या हातानं सांगतलं. नर्सनं काट्यावर ठेवलं, तेवढंच भरलं. जन्मभर जो हात कधी चुकला नाई, तो त्या दिवशी नाई चुकला.

काचेच्या पेटीत ठेवली तिले. डाक्टरनं लय केलं, खोटं कायले बोलू. तिसऱ्या दिवशी दुपारी गेली. रंजूले दूध उतरलं होतं, भरभरून, साडी भिजे. पिनारं कोनी नव्हतं. मी तिच्या पाठीवर हात ठेवाले गेली तं ते सरकून बसली. मी मारलं लेकराले, बाई. सुईनीचं नाव नका लिवू, सालाचं नाव नका लिवू. मी मारलं.

दुसऱ्या खेपेले रंजूनं मले विचारलंच नाई. तिसरा महिना लागला, एक पिशवी घेतली अन् यष्टीत बसून मायघरी गेली, लेकरू घेऊनच आली. तेच ही वैशू. पोसलेली होती, रडे तं वस्तीले ऐकू जाये. तरी बाळंतपनात ते अडली नाई काही. माह्या साऱ्या आयुष्याचं शहाणपन तिथीच खोटं पडलं.

तवापासून सून मले रोज ताट वाढते. दोन भाकरी, वरन, भाजी, कधी कमी नाई. ताट ठेवते अन् एवढंच म्हनते, पोटभर खा, आत्याबाई. रोज, दोनी टाईम. मले मार खाल्लेला परवडला असता.

आता वैशू माहेरी आली हाय पहिलटकरीन, सातवा चालू हाय. माय तिले बसल्या जागी खाऊ घालते. परवा वैशू मले म्हने, आजी, सारे म्हनतात तुहा हात काटा होता, सांग बरं माहं लेकरू किती भरन. अन् पोट पुढे केलं तिनं. रंजू भाकर थापून राह्यलती, तिचे हात थांबले. नुसती पाहे माह्याकडे.

मी हात पदराखाली घेतले. म्हनलं, हात गेला माहा आता, पोरी, काही समजत नाई त्याले. इथूनच सांगतो. मोठं होऊ दे वं माय. लय मोठं होऊ दे.