हात केला की थांबावं लागतं

…न्हाई, गाडी येत न्हाई म्हणून नापास केलं असतं ना, तर मी तोंडातून शब्द काढला नसता! पण गाडी येती हो आमच्या ह्यांना! हिंगोलीच्या त्या मैदानात लायसनच्या सायबानं खांब रोवलेले, त्या खांबांतून ह्यांनी अशी उलटी गाडी काढली, अशी उलटी काढली, की माझा भाऊ गोपीचंद, ज्यानं ह्यांना शिकवली, तोच तोंडात बोट घालून म्हणला, "अक्का, मलाबी जमत न्हाई असं!" मंग काहून नापास? ऐका तर!

साहेब शेजारी बसला. म्हणला, "चला, आता रस्त्यावर घ्या." घेतली रस्त्यावर. झ्याक चालली होती. अन् तेवढ्यात कोपऱ्यावर कोण उभं? आमच्या गावचे जळबाअण्णा! बगलेत छत्री, खांद्यावर सरकी पेंडीचं पोतं, अन् ह्यांना पाहून केला की हात वर! झालं! ह्यांनी दाबला बिरेक, हात मागं घालून दार उघडलं, "बसा अण्णा, बसा." अण्णा बसले. पोतं बसलं. पोतं सायबाच्या मानंला टोचून राहिलं, तो म्हणतो, "अहो, हे कोण?" तर मागून अण्णाच म्हणतेत, "पाव्हणं, जरा पुढं सरका, माझे पाय मावून न्हाई राहिले." पाव्हणं! सायबाला!

साहेब म्हणला, "नापास." तर आमचे हे काय म्हणले असतील? "करा साहेब नापास, काई तक्रार न्हाई, पण आधी अण्णाला स्टँडावर सोडू द्या." अन् सोडलं! सायबासकट जाऊन सोडलं! घरी आले अन् मलाच शिकवतेत, "मंजुळे, माणसानं हात केला की थांबावं लागतं."

हे ह्यांचं जन्माचं हो. बैलगाडी होती तवापासूनचं! तुमाला सांगते, आमचं लग्न लागलं, मला घेऊन निघाले, तर वाटंनं तीन माणसं अन् एक शेळी घेतली गाडीत! मी नवी नवरी, मान खाली घालून बसलेली, अन् शेळी माझ्या मुंडावळ्या चघळून राहिली! तवाच वळखायला पाहिजे होतं मी.

पण ह्या बारीला गोष्ट हसण्यावारी न्यायची नव्हती. आमची एकुलती एक लेक, प्रतीक्षा, वसमतला दिलेली. पहिलं बाळंतपण माहेरी. सातवा चालू. आमच्यात पोरीला सातव्यात आणतेत, आठवा लागला की हलवत न्हाईत. अन् उरले होते बारा दिवस! मी म्हणलं, "अवो, जीप करा अन् आणा." तर, "न्हाई! माझी लेक माझ्या गाडीत येईन, अन् मीच आणीन!" गाडीच त्याच्यापायी घेतलेली, जुनी का असंना. अन् तिकडून पोरीचे सासरे, आमचे सोनाजी इवाई, फोनवर काय म्हणतेत? "पाव्हणं, खुशाल या. पण लायसन पाहिल्याबिगर माझी सून गाडीत बसणार न्हाई." बराबरच बोलले. पोटुशी पोरगी हाय, कोण ठेवंल भरवसा?

मंग बसलो आमी तिघं ओसरीवर. गोपीचंद म्हणला, "दाजी, आठ दिवसांनी पुन्हा परीक्षा देता येती. हिंगोलीलाच द्या, न्हाईतर साहेब तालुक्याला कॅम्पाला जातेत, तिथं द्या. कुठं द्यायची बोला." आता दुसरी माणसं काय पाहतेत? मैदान मोठं कुठंय, साहेब मऊ कुठंय. अन् आमाला काय पाहायचं? ह्यांना कुत्रंबी वळखत न्हाई असा तालुका!

हिंगोली? अर्धं गाव रोज तिथंच, कोणाचं कोर्ट, कोणाचा दवाखाना. सेनगाव? तिथं ह्यांची बहीण बेबीबाई, अन् बेबीबाईचं सासर म्हणजे निम्मा तालुका! कळमनुरी? ते माझं माहेर. सासरवाडीच्या माणसानं हात केला अन् हे तसेच गेले, असं व्हईल का कधी? औंढा? देवाच्या दारी कोण उभं असंल, सांगता येतं? गोपीचंद कावला. म्हणला, "मंग काय दाजी, वाशीम?" तर हे डोकं खाजवून म्हणतेत, "वाशीमच्या बाजारातले दोघं-तिघं बैलवाले वळखतेत मला." बैलवाले! त्याइनं हात केला की थांबावं लागतं!

राहिलं वसमत. वसमतला ह्यांना वळखणारा एकच माणूस, सोनाजी इवाई. अन् इवायाची हळद शिजवायची चालू, कढईपुढून माणूस हलत न्हाई. मी गुपचूप लेकीला फोन केला, "सासरे कुठंयत गं?" म्हणली, "कढईपाशी, आई. जेवणबी तिथंच." ठरलं! वसमत!

परीक्षेच्या दिवशी गोपीचंद ह्यांना घेऊन गेला. अन् गाडीपाशी आला कोण? तोच साहेब! तालुका बदलला, साहेब तोच! त्यानं आधी वाकून मागची सीट पाहिली. म्हणला, "आज मागे कुणी येणार नाही ना?" हे म्हणले, "न्हाई साहेब. ह्या गावात माझं कोणीच न्हाई." असं बोलावं का माणसानं, लेक दिलेल्या गावात?

मैदान झालं. रस्ता लागला. गोपीचंदानं बजावलं होतं, "दाजी, डोळ्यापुढं लेक ठेवा, माणसाकडं पाहू नका." बरं चाललं होतं हो… अन् वेल्डिंगच्या दुकानापुढं उभे सोनाजी इवाई! कढई गळायला लागली म्हणून आले होते. ती गळायची तरी कवा! गाडीत ह्यांना पाहिलं अन् एक न्हाई, दोन हात केले! "पाव्हणं! ओ पाव्हणं!"

ह्यांचा पाय बिरेकवर. साहेब तिरप्या डोळ्यानं पाहून राहिला. आता थांबावं तर लायसन गेलं, लायसन गेलं तर लेक राहिली. न थांबावं तर लेकीचा सासरा! अन् तुमाला सांगते, त्या माणसानं जन्मात पहिल्यांदा, समोर बघत, गाडी तशीच पुढं नेली.

साहेब म्हणला, "पास." ह्यांच्या डोळ्याला पाणी. सायबाला वाटलं, आनंदानं.

संध्याकाळी इवायाचा फोन मला. "ईनबाई, भर रस्त्यात मी दोन हात केले, चार लोक हसले मला! लायसन ठेवा तुमच्यापाशीच. सून येणार न्हाई." घ्या! लायसन मिळालं, लेक अडकली! ह्यांना तर भाकर गोड लागंना. दोन दिवस गाडीकडं पाहिलं न्हाई.

तिसऱ्या दिवशी उठले, वसमतला गेले. गाडी लावली फाट्यावर, अन् सोनाजी इवायाच्या शेताच्या वाटंवर जाऊन हे उन्हात उभे! इवाई आले फटफटीवर. ह्यांनी केला हात वर. इवाई तोंड फिरवून पुढं गेले… दहा पावलं गेले, वीस पावलं गेले… अन् लागला की बिरेक! मागं न पाहता म्हणतेत, "बसा." अवो, तेबी ह्याच मातीतले! माणसानं हात केला की थांबावं लागतं! वाटंत ह्यांनी सायबाचं, अण्णाचं, पोत्याचं सगळं सांगितलं. लेक म्हणती, "आई, घरी आले तवा दोघं हसून हसून फटफटीवरून पडायला आले होते."

लेक निघाली त्याच दिवशी. पण इवाई म्हणले, "मीबी येतो, पाव्हण्याची गाडी पाहू." ते पुढं बसले. लेकीच्या सासूबाई, आमच्या ईनबाई, म्हणल्या, "मंग मी कशी राहू?" त्या मागं. हिंगोलीला स्टँडावर बेबीबाईनं हात केला, थांबले. तीबी मागं.

अन् इकडं मी, नारळ घ्यायला म्हणून आले आमच्या गावाजवळच्या कनेरगाव नाक्यावर. घरी बसवत नव्हतं हो! गाडी दिसली. मी पदर सावरला अन् केला हात. गाडी हळू झाली. ह्यांनी मला पाहिलं. मागं वळून पाहिलं. इवायाकडं पाहिलं. अन् खिडकीतून म्हणतेत, "जागा न्हाई, मंजुळे! मागून ये!" लेक "आई! आई!" करून राहिली, अन् गाडी गेली!

अर्धा कोस चालत आले नारळ घेऊन. राग? आला की! पण दारात पाहते तर लेक उंबऱ्याबाहेर उभी, मी येऊन भाकर-तुकडा ओवाळल्याबिगर आत जाईना. तिचा चेहरा पाहिला अन् राग कुठल्या कुठं गेला. तरी मनात आलं, त्या सायबाला एक फोन लावावा. म्हणावं, साहेब, तुमी जरा घाईच केली. आमचे हे खरे पास आज झाले.