हिरोचा घाम

(लाँड्रीची मागची खोली. धुण्याचा हौद भरलेला.)

आई : लांब हो! आधी सांग, हे सडकं लक्तर माझ्या धुतलेल्या चादरींखाली कुणी कोंबलं?

मुलगा : लक्तर काय म्हणतेस, आई! शर्ट आहे. त्याचा.

आई : नव्या नवरीसारखं ‘त्याचा’ काय? त्याला नाव नाही का?

मुलगा : हिरोचा गं. त्या जुन्या गोदामात शूटिंग चाललंय ना, तिथून काल आलाय. मारामारीतला खराखुरा शर्ट!

आई : ई! म्हणजे हा वास त्याचा? मला वाटलं, भिंतीत उंदीर मेलाय. सकाळपासून फिनेल ओतून ओतून माझे हात सोलले, आणि हे चिरंजीव घामाचं गाठोडं जपून बसलेत!

मुलगा : घामाला वास येतोच. सगळ्यांच्या येतो.

आई : येतो ना. म्हणून तर आपली चूल पेटते. लाँड्रीवालीच्या पोरानं मळका कपडा जपायचा! उद्या न्हाव्याचा पोरगा कापलेले केस उशीत भरेल.

मुलगा : तुला नाही कळायचं. तो गर्रकन वळतो आणि मागच्याला न बघता हाणतो, तेव्हा आख्खं थिएटर उभं राहतं. इतका आरडाओरडा, की आपलीच शिट्टी आपल्याला ऐकू येत नाही. तिथे मी लोकांच्या चड्ड्या धुणारा नसतो गं.

आई : बाहेर आलास की असतोस. आणि ते कपाळावरचं झुलूप! त्याला शोभत असेल. तुझ्या डोक्यावर कावळ्यानं घरटं अर्धवट टाकून दिल्यासारखं दिसतं. बायको माहेरी गेली ती उगीच नाही.

मुलगा : बहिणीच्या बाळंतपणाला गेलीय ती.

आई : आली की या वासानं उलट्या पावली परत जाईल. सोड! हौदात टाकते.

मुलगा : नको, आई! तो धुवायचा नाहीये, ऐक तरी...

आई : तुझे वडील गेले, त्यांचा अंगावरचा सदरा मी त्याच दिवशी धुतला. वास कवटाळून बसले नाही.

मुलगा : मला विचारलं होतंस तेव्हा?

आई : ...हात काढ. हा बघ, बुडाला. चिखल सुटला, घाम सुटला. आता कसा माणसात आला!

कपडेपटवाला : मावशी, आहात का? सिनेमाच्या कपडेपटातून आलोय. तो मारामारीचा शर्ट द्या. बटण लावून झालं असेल ना?

आई : नुसतं बटण कशाला? धुऊनच घेऊन जा की.

कपडेपटवाला : धुऊन? अहो, कुणी सांगितलं धुवायला! संध्याकाळी तीच मारामारी पुढे घ्यायचीय. चिखलात पडलेला माणूस परीटघडीच्या शर्टात उठणार का?

आई : हे बघा भाऊ, नुसत्या शिलाईचा कपडा आला की आमच्याकडे कॉलरला लाल दोरा बांधतात. दोरा दिसला, तर मी त्याला पाण्याचा थेंब लागू देत नाही. याला दोरा नव्हता.

कपडेपटवाला : होता! यांनी माझ्यासमोर बांधला.

आई : काय रे?

मुलगा : मीच सोडला. घालून बघत होतो आरशात. दोरा मध्येच लोंबत होता.

आई : वा! दोरा लोंबला की हिरोची शान जाते! तोंड फिरव तिकडे. किळस येते मला.

कपडेपटवाला : माझी नोकरी जाईल, मावशी. आणि यापुढे आमचं एक गाठोडं इकडे यायचं नाही.

आई : रडू नका. फोटो काढून ठेवला असेल ना? दाखवा. हं. उजव्या खांद्याला काळा चिखल, कॉलर मळकी, पाठ घामानं चिकटलेली. जन्मभर डाग काढत आले, आता पाडायची वेळ आणलीत. ए राजबिंड्या, पीळ तो आणि इस्त्री फिरवून सुकव. मी कुंडीतली माती चहाच्या पाण्यात कालवते. मग अंगात घाल आणि पळ. घाम हवाय पाठीला.

मुलगा : माझा घाम? त्याच्या जागी?

कपडेपटवाला : घामाचं राहू द्या. तो आम्ही फवाऱ्यानं मारू. हिरोसाहेबांच्या पाठीवर तसाच तर मारतो. थंडगार गाडीतून उतरणाऱ्याला कुठला घाम!

मुलगा : मग शर्टाला येत होता तो वास?

कपडेपटवाला : हा शर्ट साहेबांच्या जागी पडणाऱ्याचा. साहेबांचा शर्ट वेगळा, कोराच्या कोरा.

मुलगा : आणि गर्रकन वळून, न बघता हाणतो तो?

कपडेपटवाला : तोही हाच. साहेब तोंड दाखवण्यापुरते वळतात.

आई : हळू बोला की! पोरासमोर बोलायची गोष्ट आहे का ही?

कपडेपटवाला : अहो, आत्ता तुम्हीच त्याला...

आई : मी आई आहे, मी बोलेन. तुम्ही कोण?

मुलगा : त्याचं नाव काय?

कपडेपटवाला : साहेबांचं?

मुलगा : चिखलात पडतो त्याचं.

कपडेपटवाला : नाव... सगळे ‘ए डुप्लिकेट’ म्हणूनच हाक मारतात. मी कधी विचारलं नाही.

आई : शी! हौद भरेल एवढा घाम गाळतो कुणाचा तरी पोरगा, आणि तुम्हाला त्याचं नाव ठाऊक नाही. तो फवारा तुमच्या साहेबांनाच ठेवा. माझ्या दुकानातून खोटा घाम जायचा नाही. सुकला का रे?

मुलगा : सुकला. खांद्यावरचा चिखलही धरलाय. घातला बघ. कुठवर पळू?

आई : गोदामापर्यंत पळ. आणि तो तिथे दिसला, तर नाव विचारून ये.