वाकडं चाक

आई : रबर? बाईंच्या रेघेवर रबर फिरवलंस? भर वर्गात?

ठकू : हो. आणि उद्या तुला शाळेत बोलावलंय. आता ओरड.

आई : ओरडू काय, कपाळ! ज्या बाईंनी मला चित्र काढायला शिकवलं, त्यांच्याच रेघेवर माझी लेक रबर फिरवते. उद्या कुठल्या तोंडाने उभी राहू त्यांच्यासमोर?

ठकू : आधी त्यांनी माझ्या चित्रावर रेघ मारली.

आई : अगं, त्या सगळ्यांच्याच चित्रांवर मारायच्या. अंबाड्यात खोचलेली पेन्सिल काढायच्या, खांद्यावरून वाकायच्या आणि सर्रकन एक रेघ! मरतुकडं घोडं लगेच धावायला लागायचं. आज कोणाच्या बाकाशी थांबतात म्हणून आम्ही डोळे लावून बसायचो. त्यांच्या बाहीला खडूचा वास यायचा...

ठकू : बघ, झालं तुझं सुरू. माझं कुणी ऐकतच नाही.

आई : बरं, सांग. ही कात्री ठेवली खाली. काय काढत होतीस?

ठकू : आपली सायकल. घरातली एक वस्तू काढा म्हणाल्या होत्या. मी मागचं चाक वाकडं काढलं.

आई : ते का?

ठकू : वाकडंच आहे ना ते! बाबांनी जिन्यावरून पाडली तेव्हापासून.

आई : (हसू दाबत) पाडली नाही म्हणे. सायकलच घसरली.

ठकू : बाई म्हणाल्या, चाक असं असतं का? तुझ्या आईने असलं कधी काढलं नसतं. आणि माझ्या चाकावर स्वतःचं गोल चाक काढायला लागल्या.

आई : मग सांगायचं ना, आमचं खरंच वाकडं आहे म्हणून. एरवी तर तोंडाला खळ नसते तुझ्या.

ठकू : सांगणारच होते. तेवढ्यात मागची पोरं फिदीफिदी हसली.

आई : तुला?

ठकू : त्यांना. आई, बाईंचा हात थरथरतो. त्यांचं चाक माझ्याहून वाकडं आलं.

आई : काय सांगतेस!

ठकू : म्हणून मी पटकन खोडलं. आणि मला माझं चाक परत हवं होतं, म्हणूनही. दोन्ही. पण त्यांना वाटलं, मी उर्मटपणा केला. ओरडल्या नाहीत. पेन्सिल अंबाड्यात खोचायला गेल्या, तर ती खाली पडली. उचलली, तर परत पडली.

आई : त्यांचा हात, ठकू! फळ्यावर नुसत्या खडूने गोल काढायच्या. ताटली ठेवून काढावा तसा. आम्ही टाळ्या पिटायचो.

ठकू : मी आता चित्रकलेच्या तासाला जाणारच नाही. चित्रच नाही काढणार कधी.

आई : असलं काही बोलायचं नाही.

ठकू : तू तरी कुठे काढतेस?

आई : नाही काढत. वर्गाच्या दाराशी माझं घोड्याचं चित्र आहे ना अजून?

ठकू : आहे. सारखं सांगतात सगळ्यांना, बघा, हिच्या आईचा घोडा.

आई : त्यातली शेपटी तेवढी माझी. बाकी घोडा बाईंचा.

ठकू : खरंच?

आई : मला त्याचं कधी वाईट वाटलं नाही गं. फार गोड दिवस होते ते, अजून आठवले की जीव हुळहुळतो. पण शाळा सुटली, घरी कागद पुढ्यात घेतला आणि हातच चालेना. वाट बघत बसले, मागून कुणीतरी वाकेल, पहिली रेघ मारून देईल. मग कागद कपाटात गेला तो गेलाच. आता कापडावर खडू फिरवते, तोही गिऱ्हाइकाच्या मापाने.

ठकू : म्हणजे मी खोडलं ते बरोबर?

आई : तुझं चाक तुझंच राहायला हवं, ते बरोबर. पण न बोलता खोडलंस, ते चुकलं. त्या काय मनकवड्या आहेत? चल, मी बाई. ही बघ, पेन्सिल खोचली केसांत. ‘काय गं ए, माझी रेघ खोडतेस?’

ठकू : अशा नाही बोलत त्या आता. हळू बोलतात.

आई : हळू? बरं. ‘का खोडलीस गं?’

ठकू : बाई, चुकलं. आधी विचारायला हवं होतं. पण आमच्या सायकलचं चाक खरंच वाकडं आहे. मला तेच काढायचंय.

आई : ‘मग मी काय करू? नुसती बघत बसू?’

ठकू : नाही... तुम्ही माझ्या शेजारी बसा. कुठे चुकतंय ते बोटाने हवेत दाखवा. रेघ मी मारते.

आई : (पदराने डोळे टिपते)

ठकू : आई? रडतेस? बाईपण रडतील का?

आई : छे! त्या म्हणतील, सरक जरा, बसू दे मला. उद्या मी येते. पण दाराशीच उभी राहीन. बोलायचं तू.

ठकू : दाराशी म्हणजे घोड्यापाशी?

आई : शेपटीपाशी. तो कागद दे बघू इकडे.

ठकू : काय काढणार?

आई : बाईंचा अंबाडा. पेन्सिलीसकट. जमला तर.

ठकू : पहिली रेघ मी मारून देऊ?

आई : नको. माझी मी मारते.