क्लच न्हाई म्हणून घेतली

...न्हाई न्हाई, हसू नका, आधी पुरतं ऐका. क्लच न्हाई म्हणून घेतली हो मी ती गाडी! हौस म्हणून न्हाई घेतली. आता ह्या डाव्या हाताची ही दोन बोटं बगा, उसतोडीला गेलतो तवा कोयता लागला, तवापासून ती आखडली ती आखडलीच. नमस्कार करायचा म्हणलं तरी अर्धाच होतो. मग क्लच कशानं दाबावा माणसानं? आन् आमच्या दूध संस्थेचा सेक्रेटरी मी, आसाराम, मला रोज हिंडावं लागतंय, मग कुनीतरी सांगितलं, एक बारकी गाडी असती, तिला क्लचच न्हाई, पायानं गेर टाकला की चालली. जुनीच घेतली. तुमाला सांगतो, पहिल्या दिवशी सत्यभामाला, म्हणजे मपल्या मंडळीला, मागं बसवलं आन् वेशीतून निघालो, जन्मात एवढं सुख न्हाई झालं.

आन् मग गेर बदलला. खडाक!

साधा खडाक न्हाई बरं का. पत्र्यावर कुनी वरवंटा टाकावा तसा. सत्यभामा मागून म्हणली, "अवो, काय पडलं?" म्हणलं, काय न्हाई, दुसरा गेर पडला. थोड्या वेळानं परत खडाक. "आता?" म्हणलं, तिसरा. ती म्हणली, "मग थांबा की, गोळा तरी करू."

आता तुमी म्हणताल, वाजली तर वाजू दे, तुझं काय जातंय? सांगतो ना. त्या साली दुष्काळ असा, की बिंदुसरा धरणात पोरं क्रिकेट खेळायली, आन् पालीच्या माळावर जनावरांची छावणी पडलेली. आमच्या संस्थेची सगळी जनावरं तिथं, माणसं तिथं, मग दूधही तिथंच काढायचं. छावणीपासून डांबरी सडक लांब. दूध संघाचा टेम्पो सडकेवर यायचा, आत येत न्हाई म्हणायचा. आन् संघाच्या सुपरवायझरनं सांगून ठेवलेलं, रोज दोन कॅन भरलेले पाहिजेत आन् सातच्या आत सडकेवर पाहिजेत, न्हाई तर टेम्पो बंद. टेम्पो बंद म्हणजे संपलंच की. पाऊस न्हाई, पीक न्हाई, सगळ्या छावणीचा मिठामिरचीचा आधार त्या दोन कॅनावर. म्हणलं, आसाराम, पेंडीचं पोतं गाडीवर आत न्यायचं, कॅन गाडीवर बाहेर आणायचे, आपल्याला काय, आपली गाडी हाय!

पहिल्या सकाळी गेलो रुबाबात. सुंदरबाई म्हैस पिळायला बसलेल्या. सुंदरबाई म्हणजे आमच्या छावणीतलं वडीलधारं माणूस, आन् त्यांची म्हैस मैना म्हणजे त्यांच्याहून वडीलधारं. एका वेळेला सहा लिटर, दुष्काळात! मी जवळ गेलो, गेर खाली टाकला... खडाक! मैनानं दोन्ही मागचे पाय एकदाच झाडले, बादली तिकडं, सुंदरबाई इकडं, आन् मैनानं जो पान्हा चोरला... तिचं बगून शेजारच्या चार म्हशींनी चोरला. सुंदरबाई उठल्या, लुगडं झटकलं आन् म्हणल्या, "आरं आसाराम, ही गाडी हाय का चरक हाय? उद्यापासून त्या बाभळीच्या पुढं आणलीस तर तुला दावणीला बांधीन." म्हणलं, मावशी, क्लच न्हाई तिला. त्या म्हणल्या, "तुला तरी हाय का?"

मग काय! छावणीच्या तोंडाला एक बाभळ, तिथं येऊन खडाक करायचं, गाडी लावायची, पेंडीचं पोतं डोक्यावर घ्यायचं आन् चालत आत जायचं. म्हशी गप दूध द्यायच्या, मैनासुद्धा. फकस्त बाभळीखाली खडाक झालं की ती कान टवकारायची. म्हणलं, भेती अजून बिचारी. पण दोन भरलेले कॅन चालत बाहेर आणायचे, तेबी ह्या बोटांनी? सात वाजून जायचे. सव्वासात, साडेसात. टेम्पोवाला हॉर्न वाजवून वाजवून बेजार. शेवटी सुपरवायझर म्हणला, "सेक्रेटरी, येत्या सोमवारपर्यंत बगतो. सोमवारी सातला कॅन न्हाई दिसले तर मंगळवारी टेम्पो न्हाई."

आता आली का पंचाईत? गाडी आत न्यावी तर म्हशी चोरतेत, बाहेर ठेवावी तर टेम्पो जातोय. म्हंजे गाडीचा आवाज घालवल्याशिवाय इलाज न्हाई.

पहिलं गाठलं उत्तरेश्वरला. आमचा दोस्त. एकदा ट्रॅक्टरचं टायर बदलताना उभा होता, तवापासून त्याला सगळं कळतं. गाडीला कान लावला, डोळे मिटले, म्हणला, "ऑइल बदल बे." म्हणलं, कावून? "पातळ झालंय. घट्ट टाक." टाकलं. तुमाला सांगतो, आधी खडाक व्हायचं ते आता खडूक व्हायला लागलं. म्हणलं, उत्तऱ्या, हे काय? तो म्हणला, "आवाज खाली बसला की न्हाई? आता निघंल." दोन दिवस वाट बगितली. कुठं निघतोय!

मग म्हणला, चेन ढिली हाय. चेन आवळली. एवढी आवळली की गाडी ढकलली तर मला मागं ढकलायची. आवाज? जशास तसा! म्हणला, "मग क्लच बगावा लागंल." म्हणलं, येड्या, क्लच न्हाई म्हणून तर घेतली! "मग," तो म्हणला, "मला न्हाई कळत." एवढं खरं त्यो जन्मात पहिल्यांदा बोलला.

घरी सत्यभामानं आपलं डोकं चालवलं. जुन्या चपलेचा तुकडा कापून गेरच्या दांडीला सुतळीनं बांधला. म्हणली, "पाय मऊ पडंल." पाय मऊ पडला आन् असा घसरला, की मी गाडीवर आन् चप्पल उकिरड्यावर. बीडात गाडी दुरुस्तीची दोन दुकानं फिरलो. जो येतो तो इचारतो, "काय तक्रार?" मी म्हणतो, गेर वाजतोय, आन् आधीच सांगतो, क्लच न्हाई हिला. "आसं? मग वाजणारच," म्हणायचे आन् चहा पाजायचे. चहा लई प्यालो मी त्या आठवड्यात.

रविवार उजाडला. बसस्टँडमागं त्रिंबक मिस्त्री म्हणून हायेत, म्हातारा माणूस, बोलणं कमी. म्हणलं, मिस्त्री, उद्या सातला मपली अब्रू जाती आन् छावणीचं दूध जातंय. गेर वाजतोय. क्लच न्हाई म्हणून घेतली, पर...

त्यांनी वर बगितलं. "क्लच हाय."

म्हणलं, न्हाई हो. ही मूठ बगा, मोकळी हाय.

"हाताला न्हाई. आत हाय. तुमी पायानं गेरची दांडी दाबता ना, ती आधी क्लच सोडती आन् मग गेर पाडती. तुमचा क्लच पुरता सुटंना गेलाय."

तुमाला सांगतो, मी दगडावर बसलो. दीड महिना मी ज्याला भेटंल त्याला सांगत हिंडलो क्लच न्हाई, क्लच न्हाई, आन् तो बिचारा आत बसून ऐकत होता! मपलं ऐकून कुनी त्याच्याकडं बगितलंच न्हाई! मिस्त्रीनं एक बारकं झाकण उघडलं, आत नट आन् इस्क्रू. नट ढिला केला, इस्क्रू हलक्या हातानं आवळला, अटकला तिथून केसभर मागं घेतला आन् नट बसवला. उत्तरेश्वरचं ऑइल सांडून दिलं, बरोबरचं भरलं. चेन ढिली केली. रेस कमी केली. म्हणले, "चालवा." चालवली... खड्. बारकाच, पण खड्.

म्हणलं, मिस्त्री, अजून हाय की!

"तो तुमचा हाय," म्हणले. "निम्मा आवाज गाडीचा होता, तो मी काढला. निम्मा तुमचा. गेर टाकताना रेसची मूठ पिळून धरता, लाथ मारल्यासारखा पाय मारता. मूठ सोडा, दांडी दाबा, सावकाश पाय उचला." तसं केलं. काय सांगू! लोण्यात सुरी! त्या आनंदात मी बीडात तीन चकरा मारल्या, गेर टाकायला म्हणून.

सोमवार. बाभळ आली, बाभळ गेली, आपण गाडीवर! सगळी छावणी बगायली. सुंदरबाईजवळ जाऊन गेर खाली टाकला, मुंगीला कळलं न्हाई. सुंदरबाई म्हणल्या, "गुणाचं रे लेकरू." आन् बसल्या पिळायला.

मैना दूध देईना.

थोपटलं, आंबोण ठेवलं, सुंदरबाईंनी लाडं लाडं हाका मारल्या. न्हाई. मैना आपली मान वळवून बाभळीकडं बगायली. तिचं बगून त्या चारी जणी बाभळीकडं. साडेसहा झाले. पावणेसात झाले. एक कॅन पुरता रिकामा. सडकेवर हॉर्न वाजला. आन् सुंदरबाईंनी कपाळाला हात लावला. "आरं आसाराम! तिला वाटतंय तू आलाच न्हाईस! दीड महिना तिकडं खडाक झालं की इकडं पेंड येती. भीत नव्हती ती, वाट बगत होती! वाजव बाबा तुपली गाडी!"

पळत बाभळीखाली नेली. मूठ पिळली, लाथ हाणली. गप! परत हाणली. गप! त्रिंबक मिस्त्रीचं काम ते, बिघडतंय होय? तिकडून हॉर्न, इकडून म्हशी टक लावून, आन् मधी सेक्रेटरी. मग मी काय केलं? सगळ्या छावणीदेखत, बाभळीखाली उभा राहिलो, छाती भरून घेतली आन् तोंडानं म्हणलं...

"खडाक!"

मैनाचे कान उभे. आन् दूध! धारा अशा सुरू झाल्या, की सुंदरबाईला हसू आवरंना आन् बादली धरवंना. सातला दोन मिनिटं कमी होती आन् दोन कॅन सडकेवर, फेस उतू जात. टेम्पो पाऊस पडंपर्यंत चालला. सुपरवायझर एकदा लवकर आलता, त्यानं मला बाभळीखाली बगितलं, आन् बिचारा कॅन मोजून निघून गेला.

तवापासून रोज सकाळी गाडी गप येती आन् मी वाजतो. छावणी उठली, म्हशी घरी आल्या, तरी सुंदरबाईंचा निरोप हायेच, येऊन खडाक करून जा. परवा घसा बसला, आवाजच फुटंना. सत्यभामाला म्हणलं, काय करू गं? ती चुलीवरून मान वर न करता म्हणली, "ऑइल बदला."

म्हणलं, कोणतं?

म्हणली, "उत्तरेश्वर भावजींना इचारा."