सापेक्षतेचं पहिलं पुस्तक

वैजनाथ गुरुजी लातूरच्या एका पुस्तकांच्या दुकानात पेनाची रिफिल घ्यायला रांगेत उभे होते. घाई नव्हती. निवृत्तीनंतर दुसऱ्यांचं बोलणं ऐकणं हाच त्यांचा पूर्णवेळ व्यवसाय झाला होता. पुढं जळकोटहून आलेले पंढरी नावाचे गृहस्थ दुकानदाराशी बोलत होते.

“सामान्य सापेक्षतेचं पुस्तक हाय का? फिजिक्समधलं. अगदी सुरुवातीपासनं शिकवणारं.”

“ते नीटच्या परीक्षेला येत न्हाई, काका.”

“न येऊ द्या.”

“सीईटीलाबी न्हाई. पोरगा कितवीला हाय?”

“पोरगा न्हाई. मलाच पाहिजे.”

“तुम्हाला? शिक्षण किती?”

“धावी. गणितात पास हाय.”

“मग कशाला डोक्याला ताप?”

“आमची पोरगी लुंबिनी पुण्यात तेच शिकून राहिली. आधी फोनवर तासभर बोलायची. आता ‘आप्पा, जेवलात का?’ ‘जेवलो.’ ‘ठेवते.’ एवढंच. तिच्या डोक्यात सापेक्षता, अन् मला त्यातलं काही विचारायलाबी येईना.”

“मग हे घ्या. मराठीत हाय, चित्रं हायेत, गणित अजिबात न्हाई. एका बैठकीत सगळं कळतंय.”

“सगळं?”

“हाव. कुणाला काही विचारायची गरजच पडत न्हाई.”

“मग हे नको. ते वरचं जाडं कोणतं?”

“ते इंग्रजी हाय, काका. पानापानाला गणित. समजून सांगायला माणूस लागतंय.”

“रोज लागतंय?”

“ओळीओळीला लागतंय.”

“तेच बांधा.”